रस्त्यावर न येणारं दार

१२ सप्टेंबर २००५. रुपये सव्वीस हजार तीनशे पन्नास फक्त.

त्या सोमवारी आनंदीबाई तायडे जयपूरमधल्या जगतपुऱ्याच्या पोस्टातून एवढी रक्कम काढून बाहेर आल्या. आवर्ती ठेवीची मुदत भरली होती. ठेव मयूरीच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, लग्नासाठी म्हणून सुरू केलेली. काउंटरवरच्या बाई ओळखीच्या होत्या. त्यांनी नोटा मोजता मोजता हसून विचारलं, "बिटिया की शादी पक्की हो गई क्या, भाभीजी?"

"नाही जी. दरवाजा बदलना है."

"इतने में? सोने का लगवा रही हो?"

"लोखंडाचाच. पण वर जाणारा," आनंदीबाई म्हणाल्या, पैसे पिशवीत तळाशी ठेवले, वर कोथिंबीर टाकली आणि घरी आल्या.

आनंदीबाई मूळच्या मलकापूरच्या. वडील रेल्वेत गँगमन, सासरे पॉइंट्समन, नवरा सिग्नल विभागात. त्यांचा जन्म, लग्न, बाळंतपणं, सगळं रेल्वेच्या हद्दीत झालं. रतलाम, फुलेरा, अजमेर अशा बदल्या करत दशरथ तायडे जयपूरला पोचले, तेव्हा आनंदीबाईंनी एकच अट घातली होती. आता क्वार्टर नको. क्वार्टरच्या भिंतीत खिळा ठोकायला परवानगी लागते. अजमेरला क्वार्टर मिळेपर्यंत भाड्याने खोली पाहायला गेल्या होत्या, तिथं घरमालकाने आधी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग खोली कालच दुसऱ्याला दिल्याचं सांगितलं. खोलीला महिनाभर कुलूप होतं, हे त्यांनी येता-जाता पाहिलं होतं. त्या दिवसापासून त्यांना स्वतःचं घर हवं होतं, आणि त्या घराचं दार आपल्या हाताने उघडायचं होतं.

ते घर जगतपुऱ्यात झालं. समोर नऊ फूट रुंद आणि तेरा फूट खोल गॅरेज, मागे हॉल, हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो, वर दोन खोल्या. गॅरेजला लोखंडी दोन पल्ल्यांचं दार होतं. गाडी अकरा फुटांची, त्यामुळे पल्ले आत उघडायला जागा नव्हती. ते बाहेर, रस्त्यावर उघडत. गाडी म्हणजे एक जुनी पांढरी मारुती, तिसऱ्या मालकाकडून घेतलेली. दशरथरावांची ती फार लाडकी. दर रविवारी तिला अंघोळ असे.

मग दशरथरावांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं दिसे, बाजूचं दिसेनासं झालं. रेल्वेच्या डॉक्टरांनी त्यांना सिग्नलच्या कामावरून काढून ऑफिसात खुर्चीवर बसवलं आणि गाडी चालवायची नाही असं बजावलं. मुलगा संग्राम नोकरीला नाशिकला. मयूरीला स्कूटीच्या पलीकडे रस नाही. गाडी विकावी असं सगळ्यांनी गृहीतच धरलं. एक गिऱ्हाईक येऊन बॉनेट उघडूनही पाहून गेलं.

तेव्हा आनंदीबाई बावन्न वर्षांच्या होत्या. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी किल्ली खुंटीवरून काढून स्वतःच्या कपाटात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी गोपालपुऱ्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणारा पोरगा म्हणाला, "आंटीजी, इस उमर में क्यों तकलीफ लेती हो?" आंटीजी म्हणाल्या, "फीस इस उमर की अलग है क्या?" पहिल्या परीक्षेत त्या नापास झाल्या. दुसऱ्या वेळी पास झाल्या. तेव्हापासून रोज सकाळी त्या दशरथरावांना स्टेशनवरच्या ऑफिसात सोडत आणि संध्याकाळी आणत. दशरथराव शेजारी बसून सगळ्या वाटेत सिग्नल सांगत. "पिवळा झाला. हळू. आता हिरवा." आनंदीबाईंना सगळं दिसत असे, पण त्या त्यांना सांगू देत.

अडचण दाराची होती. पल्ले जड. ते उघडताना दशरथरावांनी एक धरायचा, त्यांनी दुसरा. शिवाय पल्ला पूर्ण उघडायला शेजारच्या खांबाच्या पुढे साडेचार फूट रस्ता मोकळा लागे. आणि तिथं भार्गवांची गाडी उभी असे.

भार्गव शेजारी राहत आणि कॉलनी विकास समितीचे अध्यक्ष होते. त्यांच्या मुलाने दुसरी गाडी घेतली होती. ती दोन्ही घरांच्या मधल्या खांबाला अगदी चिकटून लावली जाई. गाडी तायडेंच्या दारासमोर नव्हती, हे खरं. पण पल्ला तिच्यावर आदळे. मग रोज सकाळी भार्गवांची घंटी वाजवायची, मुलगा झोपेतून उठायची वाट पाहायची, किल्ली सापडायची वाट पाहायची. एकदा दशरथरावांना ड्यूटीवर पोचायला एवढा उशीर झाला की रजा लागली. आनंदीबाईंनी भार्गवांना सरळच सांगितलं, की गाडी चार हात पुढे लावा.

त्यावर तीन दिवसांनी समितीच्या लेटरहेडवर पत्र आलं. पल्ले सार्वजनिक रस्त्यावर उघडतात, हे अतिक्रमण आहे, ते तीस दिवसांत काढावेत. खाली दुसरा मुद्दा होता. निवासी गल्लीत दुकानासारखं दिसणारं गुंडाळी शटर लावायला समितीची मनाई आहे.

पत्र द्यायला भार्गव स्वतः आले होते. दारातच उभे राहिले. चहा विचारला तर "बस, अभी पी के आया" म्हणाले. शेजारी राहायला येऊन तीन वर्षं झाली, ते नेहमी आत्ताच पिऊन आलेले असत.

"तायडेजी, समजून घ्या," ते म्हणाले, "माझ्या हातात काही नाही. नियम सगळ्यांना सारखे."

"मग गाडी काढायची कशी?" आनंदीबाईंनी विचारलं.

भार्गवांनी उत्तर दशरथरावांना दिलं. "बाहेर लावा ना. सगळेच लावतात. ही खोली कोचिंगच्या पोरांना भाड्याने द्या, दोन पोरं आरामात राहतील. भाभीजींनाही रोजचा त्रास नको. या वयात गाडी-बिडी…"

"भार्गवजी," आनंदीबाई म्हणाल्या, "गाडी मी चालवते. माझ्याशी बोला."

भार्गव हसले. कौतुकाने हसतात तसं, लहान मुलाकडे पाहून.

ते गेल्यावर दशरथराव म्हणाले, "जाऊ दे. लावू बाहेर. काय फरक पडतो?"

"काहून लावू बाहेर? आपल्या घरातली वस्तू आपल्या घरात राहील. आणि निघेल तेव्हा कोणाची घंटी न वाजवता निघेल. तुम्ही पल्ला धरायला नसाल तरी निघेल."

असा हा प्रश्न होता, आणि तो आनंदीबाईंनी असाच मांडला. पल्ले बाहेर उघडायचे नाहीत. आत उघडत नाहीत. बाजूला सरकवायला भिंत नाही. शटरला मनाई. उरलं काय? उरलं वर. नियमपत्रात वरचा उल्लेख नव्हता.

दाराची शोधाशोध सुरू झाली. टोंक फाटकाजवळच्या शटरवाल्याने शटरच घ्या, मी समितीला सांभाळतो म्हटलं. आनंदीबाईंनी त्याला नमस्कार केला. समितीला कोणी सांभाळलेलं त्यांना नको होतं. त्यांना समितीच्या पत्रातलं अक्षरनअक्षर पाळून गाडी काढायची होती.

मग दोघं नवरा-बायको वैशाली नगरला एका दिल्लीच्या कंपनीच्या एजंटकडे गेले. मयूरी बरोबर होती. काचेचं दुकान, थंडगार, मधोमध एक पांढरं दार नमुन्याला उभं केलेलं. एजंटने बटण दाबलं. दाराच्या आडव्या फळ्या एकामागून एक वाकत वर गेल्या आणि छताला समांतर निजल्या. आवाज मुंगीचासुद्धा नाही. बाहेर एक बोट आलं नाही.

"आई, हे किती मस्त आहे! मतलब एकदम फिल्मी," मयूरी म्हणाली. तिची मराठी अशीच, अर्धी फुलेऱ्याच्या शाळेतली.

एजंट दशरथरावांना म्हणाला, "सर, आपकी कौनसी गाडी है? सेडान या एसयूव्ही?"

"गाडी यांची आहे," दशरथराव म्हणाले.

एजंटने आनंदीबाईंकडे पाहिलं, त्यांच्या साडीकडे पाहिलं, मग किंमत सांगितली. मारुती विकून आलेल्या पैशांत त्या दाराचं अर्धं बटण आलं असतं.

आनंदीबाईंनी मात्र दार दोनदा वर-खाली करायला लावलं. तिसऱ्यांदा त्या खाली वाकून बाजूच्या पट्टीत चाकं कशी फिरतात ते पाहत राहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "बटण नको. बाकीचं आपल्याकडे होईल."

बाईस गोदाम भागात सुखदेव नावाचा फॅब्रिकेटर होता. दवाखान्याच्या खाटा, शाळेची बाकं, मंदिराच्या जाळ्या, जे सांगाल ते करी आणि त्याहून जास्त बोले. "भाभीजी, मी केलेली खाट मोडली असा पेशंट अजून जन्माला आला नाही," तो म्हणाला. आनंदीबाईंनी त्याला चार फळ्यांचं दार समजावलं. पत्र्याच्या चार आडव्या फळ्या, मधे बिजागऱ्या, दोन्ही टोकांना बेअरिंगची चाकं, ती चाकं भिंतीलगत उभ्या आणि वर छताकडे वळलेल्या चॅनेलमधून जातील. दार उचलायला हलकं लागावं म्हणून दोन बाजूंना कप्प्यांवरून तारा आणि तारांना वजनं.

कप्प्या, तारा आणि वजनं हे शब्द कानावर पडताच दशरथराव खुर्चीत सरसावून बसले. डोळे अधू झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. आता त्यांनी कागद मागवला. "ही गोष्ट मला सांगायची. एकतीस वर्षं मी दुसरं केलं काय?"

आनंदीबाईंना बरं वाटलं. त्यांनी तो भाग दशरथरावांवर सोडला, आणि तीच चूक झाली.

दार बसलं तेव्हा पितृपक्ष सुरू होता. गल्लीतल्या बायकांनी या दिवसांत लोखंडाचं काम करू नये असं सुचवलं. आनंदीबाई म्हणाल्या, "आमच्याकडे तसं काही नसतं." सुखदेवने जुने पल्ले उतरवले, चॅनेल ठोकले, फळ्या चढवल्या. हिरवा रंग आनंदीबाईंनी निवडला. काम पाहायला भार्गवांचा नोकर दिवसभर गच्चीत उभा होता.

संध्याकाळी पहिली परीक्षा. आनंदीबाईंनी सगळ्यात खालच्या फळीचा दांडा धरून दार उचललं. ते एका हाताने वर गेलं. मयूरी टाळ्या वाजवायला लागली. आनंदीबाईंनी हात सोडला, आणि दार गडगडत खाली येऊन जमिनीवर आदळलं.

"हे काय?"

"बरोबर आहे," दशरथराव समाधानाने म्हणाले. "वजनं मुद्दाम कमी ठेवली, वरचं चॅनेलही दाराकडे उतरतं ठेवलं. हात सुटला की बंद. सिग्नलचं तसंच असतं. तार तुटली, माणूस चुकला, तरी सिग्नलचा हात आडवा, म्हणजे थांब्यावर, पडलाच पाहिजे. उघडा राहून चालत नाही. उघडा राहिला की घात."

"अहो, पण गाडी?"

"गाडीचं काय?"

"मी इथं दार धरून उभी. आतून गाडी कोण काढेल? ती आपली आपण निघेल?"

रेल्वेत सिग्नल ओढणारा एक असतो आणि गाडी हाकणारा दुसरा. लेव्हल क्रॉसिंगवरसुद्धा फाटकवाला असतो. प्रत्येक दांड्याला एक माणूस, त्याची पाळी, त्याची सही. एकट्या माणसाने दार उघडायचं आणि गाडीही काढायची, हे दशरथरावांच्या एकतीस वर्षांत कुठे आलंच नव्हतं. दार त्यांनी उत्तम केलं होतं. फक्त त्याला फाटकवाला लागत होता.

"मी आहे ना धरायला," ते हळूच म्हणाले.

"तेच तर नको होतं."

हे आनंदीबाईंच्या तोंडून जरा लागेल असं निघून गेलं. दशरथराव आत जाऊन बसले. सुखदेवने मग स्वतःच्या डोक्याने वर छताला एक कडी लावून दिली. दार वर गेलं की कडीत अडकवायचं. "अब हाथी भी लटके तो नहीं गिरेगा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आनंदीबाईंनी दार कडीत अडकवलं, गाडी सुरू केली, मागे घ्यायला लागल्या. गाडीच्या हादऱ्याने की आणखी कशाने, कडी सुटली. दार सरळ टपावर आलं. गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर, टपाला वाटीएवढा खड्डा. त्या बाहेर आल्या तेव्हा भार्गव आपल्या फाटकात दात घासत उभे होते.

"तायडेजी," त्यांनी आतल्या दशरथरावांना हाक मारली, "अब गाडी को भी हेल्मेट दिलवा दो!"

आनंदीबाईंनी दार उचललं, दशरथरावांना बोलावून धरायला लावलं, गाडी काढली, ती भार्गवांच्या नाकासमोरून नेली आणि नवऱ्याला ऑफिसात सोडलं. वाटेत दशरथरावांनी एकही सिग्नल सांगितला नाही.

संध्याकाळी दशरथराव म्हणाले, "आनंदी, लोक हसतायत. झालं तेवढं पुरे. गाडी विकून टाकू. मी बसने जाईन."

"तुम्ही बसने जा, विमानाने जा. मी गाडी त्याच दारातून काढणार."

"काहून एवढा हट्ट?"

"कारण त्या माणसाला वाटतं की मला जमणार नाही. आणि आज तुम्हालाही वाटलं."

सुखदेवला पुन्हा बोलावलं. आनंदीबाईंची मागणी आता एका ओळीची होती. जिथं सोडीन तिथं राहिलं पाहिजे. सुखदेवने वरचं चॅनेल सपाट केलं आणि वजनं वाढवली, दाराच्या वजनाइतकी केली. आता दार खालून फुलासारखं उठलं, पण अर्ध्यावर गेल्यावर हातातून सुटून वर धाडकन आपटलं आणि तिथून खाली येईना. मयूरी दांड्याला लोंबकळली तेव्हा कुठे आलं. कारण उघड होतं. वरच्या फळ्या छताच्या चॅनेलवर निजल्या की त्यांचा भार चॅनेल घेतं. दार वर जाईल तसं हलकं होतं, वजन मात्र तेवढंच राहतं. पहिल्यांदा दार वजनाला भारी होतं, आता वजन दाराला भारी झालं.

"भाभीजी, एवढं चालवून घ्या," सुखदेव म्हणाला. "दुनिया में कोई चीज पूरी नहीं होती."

"चालवून घ्यायला मी काय भाड्याने राहते?"

रविवारी आनंदीबाई टबात चादरी धूत होत्या. डोक्यात दारच. ओली चादर टबातून उपसली की जसजशी वर येते तसतशी जड होते. परत सोडली की तिचा जेवढा भाग टबाच्या तळाला टेकतो तेवढा हाताचा भार उतरतो. त्यांनी ती चादर दोन-तीनदा वर-खाली केली. मग ओल्या हातांनीच हॉलमध्ये गेल्या.

"अहो, ते वजन खाली येताना थोडं थोडं जमिनीवर टेकत गेलं तर? एकदम सगळं नाही. दार अर्धं वर, वजन अर्धं जमिनीवर. दार पूर्ण वर, वजन पूर्ण जमिनीवर."

दशरथराव दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. त्यांनी पेपर बाजूला ठेवला. बराच वेळ ते हवेत बोटाने काहीतरी खाली-वर करत राहिले.

"असं तुकड्यातुकड्याने वजन कसं टेकेल?" ते म्हणाले, आणि लगेच स्वतःच उठून उभे राहिले. "साखळी! ठोकळा नाही, साखळी लावायची. दाराएवढी लांब. दार बंद, तर सगळी लटकलेली. दार वर, तर साखळी ढिगारा होऊन जमिनीवर."

"मग जिथं सोडीन तिथं राहील?"

"राहील. राहिलंच पाहिजे."

"आणि फाटकवाला?"

"आता मारतेस का मला," दशरथराव म्हणाले, आणि दोघंही हसायला लागले. त्यांनी एकच गोष्ट आपल्या मनासारखी करून घेतली. प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन तारा. एक तुटली तर दुसरी आहे. त्यावर आनंदीबाईंनी वाद घातला नाही.

सुखदेवने ट्रकच्या फाळक्यांना लावतात तशा जाड साखळ्या आणल्या, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या उभ्या पन्हाळीत सोडल्या आणि कड्या काढून-घालून वजन जुळवलं. काम संपल्यावर त्याने हे दार आपणच आधी डोक्यात तयार ठेवलं होतं असं गल्लीतल्या तिघांना सांगितलं.

तीस दिवसांची मुदत ज्या रविवारी संपली, त्या सकाळी भार्गव समितीच्या दोन सभासदांना घेऊन आले. हातात टेप. त्यांच्या मुलाची गाडी नेहमीप्रमाणे खांबाला चिकटून उभी होती. गल्लीतल्या गच्च्यांवर दोन-चार माणसं दिसायला लागली. दशरथराव पुढे व्हायला लागले, तशी आनंदीबाई म्हणाल्या, "तुम्ही बसा. तुम्ही आज सुट्टीवर."

त्यांनी दांडा धरला आणि डाव्या हाताने दार उचललं. कमरेपर्यंत आल्यावर मुद्दाम थांबल्या आणि हात सोडला. दार तिथंच थांबलं, जसं कोणी अदृश्य माणूस धरून उभा आहे. आतून साखळीचा बारीक खळखळाट ऐकू आला आणि थांबला. त्या दोन पावलं मागे सरल्या.

"भार्गवजी, हात लावून पाहा. पडत नाही."

भार्गवांनी हात लावला नाही. आनंदीबाईंनी दार खांद्यापर्यंत नेऊन पुन्हा सोडलं, मग पूर्ण वर नेलं. फळ्या वळून छताखाली निजल्या.

"मोजा आता."

सभासदांपैकी एकाने टेप लावली. दाराची बाहेरची कड खांबाच्या आत चार बोटं होती. उघडताना, बंद होताना, अर्ध्यावर, कुठेच ती रस्त्यावर येत नव्हती. सभासदाने ते दोनदा पाहिलं आणि टेप गुंडाळली.

"पर ये भी तो एक तरह का शटर ही हुआ," भार्गव म्हणाले.

"पत्र आणू? त्यात गुंडाळी शटर लिहिलंय. हे गुंडाळत नाही. आणि दुकानासारखं दिसत नाही, माझी मुलगी म्हणते फिल्मी दिसतं."

"दिखने में अच्छा नहीं लगता, भाभीजी. पूर्ण गल्लीत कोणाकडे असं नाही."

"मग बघायला लोक येतील. तुमच्या घराचा पत्ता सांगायला सोपं जाईल. हिरव्या दाराच्या शेजारी." गच्चीवर कोणीतरी हसलं. आनंदीबाई हसल्या नाहीत. "भार्गवजी, इतके दिवस मी तुमची घंटी वाजवली. आजपासून वाजवणार नाही. गाडी तुम्ही तिथंच लावा, हवी तर रात्रंदिवस लावा. मला तिचा काही त्रास नाही. आता जरा बाजूला सरका, मला निघायचंय."

भार्गव जागचे हलले नाहीत. टेपवाल्या सभासदाने त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं.

आनंदीबाई गाडीत बसल्या. टपावरचा वाटीएवढा खड्डा तसाच होता, तो त्यांनी मुद्दाम ठोकून घेतला नव्हता. आरसे पाहिले, गाडी मागे घेतली. डावीकडे भार्गवांच्या मुलाच्या गाडीला वीतभर अंतर राहिलं. गाडी रस्त्यावर सरळ झाल्यावर त्या उतरल्या, परत आल्या आणि एका हाताने दार खाली घेतलं. ते आदळलं नाही. उंबऱ्यावर अलगद टेकलं. त्यांनी कुलूप लावलं.

दशरथराव आणि मयूरी हॉलच्या बाहेरच्या पायरीवर उभे होते.

"आई, मी येऊ साथ में?"

"नाही."

"निघालीस कुठे पण?" दशरथरावांनी विचारलं. त्यांना सोडण्या-आणण्याशिवाय आनंदीबाईंनी ती गाडी आजवर कधी गल्लीबाहेर नेली नव्हती.

"माहीत नाही. पेट्रोल आहे."

"वळणावर हॉर्न दे. डाव्या हाताला तो स्पीड ब्रेकर…"

"मला दिसतं," आनंदीबाई म्हणाल्या. मग त्यांना आपलं बोलणं ऐकू आलं. त्या काच खाली करून म्हणाल्या, "उद्या तुम्हीच सांगा सगळे. आज राहू द्या."

गाडी गल्लीच्या टोकाला पोचली, हॉर्न वाजला, आणि ती मुख्य रस्त्याला लागून जगतपुरा स्टेशनाच्या बाजूला दिसेनाशी झाली. त्या दुपारी जेवणाच्या वेळेला परतल्या. कुठे गेल्या होत्या ते त्यांनी सांगितलं नाही, आणि घरातल्या दोघांनीही विचारलं नाही. दार बाहेरून एका हाताने उघडल्याचा आवाज तेवढा दोघांनी हॉलमधून ऐकला.

समितीचं दुसरं पत्र आलं नाही. पुढच्या वर्षी भार्गवांच्या पलीकडच्या घराने तसंच दार करून घेतलं, तपकिरी रंगाचं. दशरथराव निवृत्त झाले, तरी रोज सकाळी आनंदीबाईंच्या शेजारी बसून बाजारात जाऊ लागले आणि वाटेतले सिग्नल सांगू लागले.

साखळीच्या वाढीव कामाचे सुखदेवचे दोनशे चाळीस रुपये द्यायचे बाकी आहेत. चाकांना ग्रीस लावायला येईन तेव्हा घेईन, असं तो म्हणाला होता. तो अजून आलेला नाही.